औषधी खाद्य देऊनही रक्ती हगवण? या चुका टाळा

पावसाळा लागला की ठरलेली तक्रार: "औषधवालं खाद्य चालू आहे, तरी कोंबडीच्या पिलांच्या विष्ठेत रक्त!" हीच रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. बहुतेक वेळा औषधात खोट नसते, ते पुरेसं पोटातच जात नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती भरड्याची. खर्च वाचवायला स्टार्टरमध्ये (पिलांच्या सुरुवातीच्या खाद्यात) घरचा मका मिसळतात. खाद्यातलं रक्ती हगवणीचं औषध, सॅलिनोमायसीन, टनाला साधारण ६० ग्रॅम लागतं, म्हणजे १२ टक्क्यांचं प्रीमिक्स (खाद्यात मिसळायची औषधी पूड) ५०० ग्रॅम. निम्मा मका घातला की ते ३० वर आलं. एवढ्याने रोग दबत नाही, उलट जंतू औषधाला सरावतात. मग घाबरून तेच लोक अंदाजाने जास्तीचं प्रीमिक्स ओततात. या औषधात योग्य मात्रा आणि विषबाधा यांत फार अंतर नसतं! खाद्य घरी बनवत असाल तर वजनकाटा वापरा. मी प्रीमिक्स आधी थोड्या भरड्यात कालवते, मगच मोठ्या ढिगात घेते.

दुसरी चूक जीवघेणी. ओळखीच्या एका शेडमध्ये पक्ष्यांना सर्दीची घरघर लागली. मालकाने कुणालाही न विचारता टियामुलिन हे प्रतिजैविक आणून पाण्यात टाकलं. खाद्यात सॅलिनोमायसीन होतंच. पक्ष्यांनी खाणं सोडलं, पाय लुळे पडले, मरतूक सुरू झाली. त्याला वाटलं राणीखेत आली, आणि तो लस शोधत फिरला. तोवर तेच पाणी, तेच खाद्य चालू! टियामुलिनमुळे यकृताला सॅलिनोमायसीनचा निचरा करता येत नाही, त्यामुळे नेहमीचीच मात्रा विष ठरते. डॉक्टरांनी दोन्ही थांबवून साधं खाद्य द्यायला लावलं, तेव्हा उरलेले पक्षी वाचले. म्हणून गोणीवरचं लेबल मी शेडच्या दारावर टाचून ठेवते. कुठलंही औषध आणण्याआधी डॉक्टरांना ते वाचून दाखवते.

रक्त दिसल्यावर खाद्यातल्या औषधावर विसंबू नका. आजारी पक्षी खात नाही, पण पाणी पितो. अँप्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल डॉक्टरांच्या सल्ल्याने पाण्यातून द्या. अँप्रोलियमसोबत ब-१ जीवनसत्त्वाचं टॉनिक नको, त्याने औषधाचा जोर कमी होतो.

कॉक्सिडिओसिसची जिवंत लस दिली असेल तर औषधी खाद्य देऊ नका, लस वाया जाते.

ड्रिंकरखालचं ओलं तूस रोज काढा. ओल आणि ऊब मिळाली की विष्ठेतली जंतूंची अंडी एक-दोन दिवसांत रोग पसरवायला तयार होतात. याला आळस केलात तर कुठलीच गोणी पुरणार नाही.

अंड्यावरच्या कोंबड्यांना निकार्बाझिन (रक्ती हगवणीचंच आणखी एक औषध) नको, अंडी घटतात. आणि सॅलिनोमायसीनची गोणी टर्की किंवा घोड्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका, त्यांच्यासाठी ते विषच आहे.