जुनी पद्मिनी दुरुस्त करून पुन्हा उभी करताय? या चुका टाळा, आणि पान्याआधी वही घ्या

जुनी प्रीमियर पद्मिनी दारात येऊन उभी राहिली की बहुतेकांचा पहिला फोन पेंटरला जातो. पहिली चूक तीच. फियाट ११०० च्या घराण्यातल्या या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. दारांखालचे बॉक्स, पायाखालचा पत्रा, बॅटरीची बैठक, डिकीचा तळ इथे गंज शिरला असेल तर वरून कितीही चकचकीत रंग मारा, गाडी आतून खचतच राहते. पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. जॅकवर उचलल्यावर दार नीट लागेनासं झालं, तर आधी डेंटर आणि वेल्डर, पेंटर सगळ्यात शेवटी.

दुसरी चूक आमच्या घरातली आहे, आणि ती मला आजही टोचते. आमची गाडी १९७८ ची, काकांची. काका प्रत्येक काम कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहायचे: "गाडी – ऑइल", "गाडी – क्लच प्लेट". जानेवारीत नवं कॅलेंडर आलं की जुनं रद्दीत. इंजिन धूर ओकू लागलं तेव्हा काका नव्हते आणि त्यांनी काय काय केलं होतं हे सांगणारा एक कागदही उरला नव्हता. पुण्याच्या नाना पेठेतून पिस्टनच्या स्टँडर्ड मापाच्या रिंगा आणल्या, हेड उघडलं, तर पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा शिक्का. म्हणजे इंजिन आधीच बोअर झालं होतं, सिलिंडर कोरून मोठे केले होते आणि मोठे पिस्टन बसवले होते. रिंगा परत, हेड गॅस्केट वाया, गाडी तीन आठवडे उघडी. वहीत एक ओळ असती तर हे सगळं टळलं असतं.

म्हणून वहीत नुसतं "इंजिन काम केलं" लिहू नका. बोअर कितवा, क्रँक ग्राइंड केला का, बेअरिंग कुठल्या मापाचं, हेड किती घासलं, हे आकडे लिहा. पुढचा मेकॅनिक ते डोळ्यांनी पाहू शकत नाही, त्याला उघडावंच लागतं. तारीख, किलोमीटर, कुठला पार्ट, कुठून आणला, कोणी बसवला, हे तर हवंच. मीटरची केबल तुटलेली असेल तर त्या तारखेपासूनचं किलोमीटर अंदाजी आहे असं स्पष्ट नोंदवा. आणि बिल नुसतं चिकटवून थांबू नका. थर्मल कागदावरची छपाई वर्ष-दोन वर्षांत उडते. त्याच दिवशी फोटो काढा आणि रक्कम शाईने लिहा.

पद्मिनीत हे जास्तच लागतं, कारण कुर्ल्याच्या कारखान्यात हे मॉडेल दोन दशकांहून अधिक काळ बनत राहिलं. बॅटरी चार्ज करायला आधीच्या गाड्यांना डायनॅमो, नंतरच्यांना अल्टरनेटर. टॅक्सी भंगारात निघाल्या तसे त्यांचे पार्ट खासगी गाड्यांत गेले. तुमच्या गाडीत आज नेमकं काय बसलंय हे कंपनीच्या मॅन्युअलपेक्षा तुमची वहीच खात्रीने सांगेल. खोलताना प्रत्येक नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी, आणि काढण्याआधी फोटो. वायरिंगला तर प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून नाव घाला.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून थेट सेल्फ मारणं ही महागात पडणारी घाई. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, ते कार्ब्युरेटरचे जेट बुजवतं. आधी टाकी रिकामी करा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक दिवस थांबा, मग इंजिन हाताने फिरवून बघा. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदला. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुनं रबर आणि इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा जुना पडदा त्यात फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी आतून गंजते.

खंबाटकी घाट चढताना गाडी बंद पडली की सगळे "व्हेपर लॉक" म्हणतात, म्हणजे उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ झाली, आणि इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकतात. कधी ते खरं असतं. पण तापल्यावर ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतला कंडेन्सर किंवा कॉइल दगा देते तेव्हाही गाडी अशीच बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते. म्हणून आधी ठिणगी बघा, पेट्रोलची नळी सुटलेली नाही याची खात्री करून. ठिणगी निळी, दमदार असेल तर दोष पेट्रोलच्या वाटेवर. पिवळी, मरतुकडी असेल तर कंडेन्सर आणि पॉइंट तपासा. त्या वेळी ऊन किती होतं, किती अंतर चालली होती, थंड व्हायला किती मिनिटं लागली, तेही लिहा. दोन-तीन नोंदी झाल्या की कारण आपोआप पुढे येतं.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप, काढून फेकू नका. मग इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. आधी रेडिएटरमधला गाळ, त्याची कॅप आणि फॅनचा पट्टा बघा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्या.

ब्रेकच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, मेकॅनिकचंही नाही. पेडल दोनदा दाबल्यावर वर येत असेल तर ब्रेक शू ॲडजस्ट करायला हवेत. स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. पाय ठेवल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय, अशी गाडी गल्लीतसुद्धा काढू नका. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं, म्हणून ते बदलल्याची तारीख वहीत ठळक हवी. गाडी कमी चालते, त्यामुळे इथे किलोमीटर मोजून उपयोग नाही.

कागदांचंही असंच. इंजिन बदललं, रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर पासिंगला अडकाल. एम.एच. मालिकेच्या आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर 'वाहन' पोर्टलवर तो दिसतो का बघा. नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्रीसाठी, म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवण्यासाठी, अर्ज द्या, मूळ आरसी बुक जपून ठेवा. चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा वहीत चिकटवून ठेवा.

हौसेने 'व्हिंटेज'ची नोंदणी करायला धावण्याआधी नियम वाचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मोठे बदल न केलेली हवी. नवी नोंदणी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण ती गाडी मग रोज भाजी आणायला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. आमची पद्मिनी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. काकूंना तिच्यातूनच देवळात जायचं असतं, त्यामुळे आम्ही नेहमीचीच नोंदणी ठेवणार आहोत. तरीही काढलेला मूळ डायनॅमो पोत्यात बांधून माळ्यावर आहे, आणि पोत्याला अडकवलेल्या चिठ्ठीवर वहीचा पान क्रमांक आहे.