सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटीची सुनावणी: वकील असला तरी या चुका टाळा

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीकडे, म्हणजे सरकारी सामाजिक विमा खात्याकडे, डिसॅबिलिटीचा (आजारपणामुळे काम करता न येणाऱ्यांना मिळणाऱ्या लाभाचा) अर्ज केला की बहुतेकांना पहिलं उत्तर नकाराचंच येतं. फेरविचार मागितला की बहुधा पुन्हा नकार. तिसरी पायरी प्रशासकीय न्यायाधीशासमोरच्या सुनावणीची. आधीचे दोन्ही निर्णय फाइल वाचून झालेले असतात. तुमचं म्हणणं निर्णय देणारा माणूस स्वतः ऐकून घेतो तो इथेच. म्हणून इथे वकील हवाच, असं माझं मत आहे. पण आपल्या मराठी मंडळींच्या फायली पाहताना एक गोष्ट सारखी जाणवते. वकील चांगला असतो, आजार खरा असतो, तरी केस ढिली पडते आणि त्यामागे आपलीच सवय असते. दुखणं अंगावर काढायचं, कोणी विचारलं की "बरं आहे" म्हणायचं, डॉक्टरांपुढेही फार रडगाणं गायचं नाही. घरात हे कौतुकाचं असेल. सुनावणीत मात्र ते तुमच्याच विरोधात जातं.

मुदत चुकवून नव्यानं अर्ज करणं

नकाराचं पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करायचं असतं. पत्रावरच्या तारखेनंतर पाच दिवसांनी ते तुमच्या हातात पडलं, असं धरलं जातं. पत्र आल्यावर माणूस खचतो, कागद ड्रॉवरमध्ये जातो, मग कोणीतरी सुचवतं की "पुन्हा नवा अर्ज टाक." हे करू नका. नवा अर्ज म्हणजे रांगेत पुन्हा मागे जाणं. शिवाय जुन्या अर्जावर मिळू शकली असती ती मागची थकबाकी हातची जाऊ शकते. हॉस्पिटलात होतो, पत्र मिळालंच नाही अशा कारणांनी उशीर झाला असेल तर तसं लेखी कळवून मुदत वाढवून मागता येते. तेही वकिलामार्फत आणि लगेच.

याच्या आड आणखी एक तारीख दडलेली असते, ती विम्याची. काम करताना पगारातून कापलेल्या करावर हा लाभ उभा आहे. काम सुटलं की साधारण पाच वर्षांनी हे विमासंरक्षण संपतं, आणि काम सलग नसेल तर त्याच्याही आधी. मुलांसाठी काही वर्षं घरी राहिलेल्या आपल्याकडच्या अनेक बायकांची गाडी नेमकी इथे अडते. तुमची असमर्थता त्या तारखेच्या आधी सुरू झाली होती हे दाखवावं लागतं. आजचे रिपोर्ट कितीही वाईट असले तरी तेवढ्यानं भागत नाही. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा: माझ्या विम्याची शेवटची तारीख कोणती? भारतातली नोकरीची वर्षं यात धरली जात नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा तसा करार नाही. ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांनी इथे पुरेसं काम केलेलं नसेल तर हा लाभ त्यांना लागूच होत नाही. त्यांच्यासाठी गरजूंची दुसरी योजना आहे, तिचे नियम वेगळे आणि परदेशी नागरिकांना बरेच कडक.

वकील शेवटच्या आठवड्यात गाठणं

"वकिलाला द्यायला पैसे कुठून आणू?" या भीतीनं लोक थांबतात. नेहमीच्या करारात केस जिंकली तरच फी लागते. थकबाकीच्या २५ टक्के, आणि नोव्हेंबर २०२४ अखेरपासून जास्तीत जास्त ९,२०० डॉलर, यांतली जी रक्कम कमी असेल ती. हा करार सोशल सिक्युरिटीनं मंजूर करावा लागतो आणि पैसे सहसा थकबाकीतूनच वळते होतात. रेकॉर्ड मागवण्याचा वगैरे खर्च वेगळा असू शकतो, तो सही करण्याआधी विचारून घ्या. सुनावणीची नोटीस किमान ७५ दिवस आधी येते आणि पुरावे सुनावणीच्या पाच कामकाजाच्या दिवसांआधी दाखल करावे लागतात, निदान अमुक पुरावा यायचा आहे असं कळवावं तरी लागतं. हॉस्पिटलं रेकॉर्ड पाठवायला किती वेळ लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. आठवड्यापूर्वी नेमलेला वकील इथे काय करणार?

वकिलापासून लपवणं ही त्याहून मोठी चूक. घरून डब्यांच्या ऑर्डरी घेणं, गणपतीत पुरणपोळ्या करून देणं, शेजारच्यांचं मूल दुपारी सांभाळून रोख पैसे घेणं, हे आपल्याला काम वाटतच नाही. सोशल सिक्युरिटीला वाटू शकतं. अंध नसलेल्या व्यक्तीसाठी २०२५ साली महिन्याला १,६२० डॉलर ही भरीव कमाईची मर्यादा होती (त्याहून जास्त कमावलं की तुम्ही काम करू शकता असं सहसा धरतात), आणि स्वतःच्या धंद्यात तर नुसता पैसा बघत नाहीत, काय काम केलं तेही बघतात. महिन्यातून दोनदा वीस पोळ्या करून तुम्ही दोन दिवस झोपून राहत असाल तर ती माहिती उलट तुमच्या बाजूची आहे. पण ती वकिलाच्या तोंडून आधी यायला हवी. जजच्या प्रश्नातून ती अचानक बाहेर आली तर बाकी सगळ्या साक्षीवर संशय येतो. आजाराशी संबंधित सगळे पुरावे, अडचणीचे ठरतील तेसुद्धा, देणं बंधनकारक आहे. वकिलाशी झालेलं तुमचं बोलणं मात्र गोपनीय राहतं, तेव्हा तिथे मोकळेपणानं बोला.

डॉक्टरांकडून भलतंच पत्र आणणं

"माझा पेशंट काम करू शकत नाही" असं पत्र घेऊन लोक निर्धास्त होतात. मार्च २०१७ नंतरच्या अर्जांना लागू असलेल्या नियमांत या वाक्याला काहीच वजन नाही. तो निर्णय सोशल सिक्युरिटीनं घ्यायचा असतो. नेहमीच्या डॉक्टरांच्या मताला आपोआप मिळणारं झुकतं मापही तेव्हाच गेलं. आता मत तपासण्यांच्या आधारावर उभं आहे का आणि बाकी फाइलशी जुळतं का, हे बघतात. म्हणून वकील देतो तो फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या: एका वेळी किती मिनिटं बसता येतं, किती उभं राहता येतं, किती पाउंड उचलता येतं, बोटांनी टाइप किती वेळ करता येतं, महिन्यात किती दिवस काम बुडेल.

आणि मग फाइलमधलं ते "बरं आहे". डॉक्टर आत येतात, कसं काय विचारतात, आपण हसून "गुड, गुड" म्हणतो. ते नोंदीत जातं: तब्येत ठीक, तक्रार नाही. वर्षभराच्या अशा नोंदी जजच्या समोर असतात आणि तुम्ही सांगत असता की खुर्चीत वीस मिनिटं बसवत नाही. प्रत्येक भेटीत काय जमत नाही ते सांगा. गोळ्यांनी गुंगी येत असेल तर तेही सांगा. खर्चामुळे उपचार थांबवले असतील तर ते कारण नोंदीत येऊ द्या, नाहीतर उपचार थांबले म्हणजे बरं वाटत असेल, असा अर्थ निघतो.

मधल्या काळात भारतात उपचार घेतले असतील तर ते कागद इथे आणा. एमआरआयचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोटा, सगळं. आपल्याकडे केसपेपर पेशंटच्याच पिशवीत असतो, आणि चिठ्ठीवर दोन औषधं व "विश्रांती" एवढंच असतं. त्या डॉक्टरांना गाठून तपासणीत काय आढळलं ते सविस्तर लिहून मागा. मराठीत काही असेल तर वकिलाला आधी दाखवा. भारताचा प्रवासही लपवू नका, जज विचारतोच: पाठ एवढी दुखते तर इतका मोठा विमानप्रवास कसा झेपला? "झाला कसातरी" हे उत्तर नव्हे. व्हीलचेअर घेतली होती का, किती वेळा उठून मागे जाऊन उभं राहावं लागलं, पोचल्यावर किती दिवस अंथरुणात गेले, हे सांगा.

सुनावणीत मोघम बोलणं, किंवा वाढवून बोलणं

सुनावणी साधारण तासाभराची असते. समोर सरकारी वकील नसतो. शपथ होते, रेकॉर्डिंग होतं. आता बहुतेक सुनावण्या फोनवर किंवा ऑनलाइन व्हिडिओवर होतात. प्रत्यक्ष हजर राहायचं असेल तर त्या पद्धतीला हरकत मुदतीत नोंदवावी लागते. फोनवर असाल तर शेजारी बसून बायकोनं किंवा मुलानं हळूच उत्तरं सुचवू नयेत. ते ऐकू जातं.

दुभाषा मोफत मिळतो, तो आधीच मागून ठेवा. "हिंदी चालेल" असं म्हणू नका. मराठीत विचार करत असाल तर मराठीच मागा. ऑफिसातलं इंग्रजी छान असलेली माणसंही दुखण्याबद्दल बोलताना अडखळतात. मात्र "इंग्रजी येत नाही म्हणून लाभ मिळेल" हा जुना सल्ला विसरा, तो नियम एप्रिल २०२० मध्ये रद्द झाला.

जज विचारेल, किती चालता? "चालते की थोडंफार" याचा त्यानं काय अर्थ घ्यायचा? "टपालपेटीपर्यंत जाते, पाच मिनिटांचं अंतर. येताना भिंतीला टेकून थांबावं लागतं, डाव्या पायात कळ येते. घरी आल्यावर अर्धा तास आडवी होते." यात जजला लिहून घेण्यासारखं काहीतरी आहे. स्वयंपाक करता का, या प्रश्नाला नुसतं "हो" म्हणू नका. कुकर लावून खुर्चीवर बसत असाल, कणीक मुलगी मळून देत असेल, तर ते सांगा. बरे दिवस किती, वाईट किती, तेही. आणि "काहीच करता येत नाही" असं सरसकट म्हणणं तितकंच घातक, कारण फाइलमध्ये तुम्ही गाडी चालवत दवाखान्यात गेल्याची नोंद असते. वकिलाबरोबर सराव जरूर करा, पण पाठांतर नको.

आयटीतल्या मंडळींना एक वेगळी सूचना. वयाची पन्नाशी आणि पंचावन्न ओलांडली की नियम सौम्य होतात, पण जुनं कामच बसून करायचं असेल तर त्याचा फायदा सहसा मिळत नाही. नुसती पाठदुखी सांगितली तर जज म्हणेल, बसून कोड लिहा. म्हणून एकाग्रता किती टिकते, मीटिंगमध्ये काय सुटतं, गोळ्यांनंतर स्क्रीनकडे किती वेळ बघवतं, हे पुराव्यासकट मांडावं लागतं. जुनं काम अजून झेपेल का हे ठरवताना जून २०२४ पासून मागच्या पाच वर्षांतलंच काम बघतात, आधी पंधरा वर्षांतलं बघत. पदाचं भारदस्त नाव सांगून थांबू नका, दिवसभर प्रत्यक्ष काय करत होता ते सांगा. "मॅनेजर" म्हणवणारा माणूस सर्व्हरचे खोकेही उचलत असतो.

शेवटी रोजगारतज्ज्ञाची, म्हणजे कोणत्या कामाला काय लागतं हे सांगणाऱ्या साक्षीदाराची, पाळी येते. जज त्याला विचारतो, अमुक मर्यादा असलेला माणूस कोणती कामं करू शकेल? तो दोनतीन कामांची नावं सांगतो आणि ती ऐकून पेशंट हादरतो. मध्ये बोलू नका. ही वेळ वकिलाची आहे. तो मर्यादा वाढवत नेतो: हाच माणूस दर तासाला दहा मिनिटं आडवा होत असेल तर? महिन्यातून तीन दिवस येऊ शकत नसेल तर? या प्रश्नांना आधार लागतो तो डॉक्टरांच्या फॉर्मचा आणि तुम्ही नुकत्याच दिलेल्या उत्तरांचा.

निर्णय टपालानं येतो. तो विरुद्ध गेला तर अपील्स कौन्सिलकडे (सोशल सिक्युरिटीच्याच वरच्या अपील मंडळाकडे) जायला पुन्हा ६० दिवस असतात. तिथे सहसा नव्यानं साक्ष होत नाही, जजनं चूक केली का एवढंच पाहतात, आणि नवा पुरावा क्वचितच स्वीकारतात. त्यामुळे एखादा रिपोर्ट यायचा राहिला असेल तर सुनावणी संपण्याआधीच वकिलाला सांगा आणि तो दाखल करायला मुदत मागून घ्या.