जुन्या मोडी पत्रांचं गाठोडं सोडताना

रुमालात बांधलेली मोडी पत्रं हाती आली की आधी ती उलगडून नीट लावायचा मोह होतो. तो आवरा. एका रुमालातली पत्रं बहुधा एकाच घराची किंवा व्यवहाराची असतात, आणि साल नसलेलं पत्र कुठलं हे शेजारच्या पत्रावरूनच कळतं. गाठ असतानाच फोटो घ्या. मग वरून खाली ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने, मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घाला.

हात धुऊन कोरडे करा. कापडी हातमोजे नकोत, त्यात बोटांना कागद कळत नाही आणि कड फाटते. जुना हातकागद दणकट असतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचा गिरणीचा पिवळा कागद मात्र घडीवर तुटतो. तो जोर लावून उघडू नका. काजळाची काळी शाई उन्हाने विटत नाही, पण ती डिंकावर धरलेली असल्याने ओलं बोट लागलं तरी पसरते. तपकिरी पडलेली, अक्षरांच्या जागी भोकं पाडणारी शाई हिराकसाची (लोहक्षाराची). दोन्हींना वाफ, पाणी, इस्त्री वर्ज्य. सेलोटेप आणि लॅमिनेशनही नाही; टेपचा गोंद कागदात मुरतो आणि लॅमिनेशन निघतच नाही.

फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅशविना, बरोबर वरून काढा. शेजारी पट्टी ठेवा. पाठची बाजूही घ्या, पत्ता किंवा शेरा तिथेच असतो.

आता तारीख. खासगी पत्रात बरेचदा नुसती मिती (महिना आणि तिथी) असते, साल नसतंच. शक असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतची मिती असेल तर ७९. पौष दोन्हीकडे पडू शकतो, तिथे जंत्री (मिती आणि इंग्रजी तारखा जुळवणारं कोष्टक) पाहावीच लागते. आकडा पुसट असेल तर संवत्सराचं नाव कामी येतं. वर्षांची ही साठ नावं चक्राने फिरतात, पहिलं प्रभव, शेवटचं क्षय: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी म्हणजे प्रभवापासूनचा क्रमांक (बाकी शून्य आली तर क्षय). ‘मिती श्रावण शुद्ध ५ शके १७७९ पिंगलनाम संवत्सरे’ तपासू. १७९१ भागिले ६०, बाकी ५१, एक्कावन्नावं पिंगल. जुळलं, म्हणजे १८५७.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कागदांत अरबी सुहूर सन शब्दांत लिहिलेला सापडतो. ‘इसन्ने अशर मयातैन व अलफ’ म्हणजे २ + १० + २०० + १०००, अर्थात १२१२. हे मृगसाल, मृग नक्षत्र लागताना, जूनच्या सुरुवातीला बदलतं. जून ते डिसेंबर ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा: १८११-१२. फसली (महसुली साल) असेल तर दक्षिणेत हेच आकडे ५९० आणि ५९१. सुहूर आणि फसलीची गल्लत झाली तर पत्र नऊ वर्षं इकडेतिकडे जातं, आणि ही गल्लत फार होते.

साल काहीच नसेल तर बाहेरून पुरावा शोधा. टपाल तिकीट लावलेलं पत्र साधारण १८५४ नंतरचं, पाव आण्याचं पोस्टकार्ड १८७९ पूर्वीचं असूच शकत नाही. डाकेचा शिक्का भिंगाने वाचा. तो वाचता आला तर बाकी आकडेमोड वाचते. मायन्यातला फरकही नोंदवा: तोच माणूस आधी चिरंजीव आणि पुढे तीर्थरूप झालेला दिसला की पत्रांचा क्रम लागतो.

काढलेलं साल पत्रावर लिहू नका, वेगळ्या वहीत क्रमांकासमोर लिहा. पत्रं धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून लोखंडी कपाटात, भिंतीपासून दूर ठेवा. डांबरगोळ्या नकोत. पावसाळा संपला की एकदा उघडून कसर (कागद खाणारी कीड) लागली का पाहा.