वायर सोलताना आणि अर्थिंग जोडताना या चुका टाळा

फेज (करंट आणणारी वायर) तुटला तर दिवा जातो, न्यूट्रल (करंट परत नेणारी) तुटला तरी दिवा जातो. दोन्ही वेळा घरचे लगेच वायरमनला फोन लावतात. अर्थिंग, म्हणजे पत्र्यावर आलेला करंट जमिनीत नेणारी हिरवी वायर, तुटलं तर मात्र काहीच होत नाही. फ्रिज चालतो, गिझर पाणी तापवतो, मिक्सर फिरतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ताच लागत नाही. म्हणूनच बोर्डात सगळ्यात जास्त हलगर्जीपणा हिरव्या वायरीच्या बाबतीत होतो, आणि तो बघून बघून मला आता वीट आलाय.

नवा पॉइंट काढणं, नवं वायरिंग, अर्थिंगचा खड्डा ही परवाना असलेल्या वायरमनची कामं आहेत, ती त्यालाच करू द्या. पण थ्री-पिन टॉप किंवा जळालेलं सॉकेट लोक घरीच बदलतात. त्यांच्यासाठी आणि नुकतीच हातात पकड धरलेल्या पोरांसाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट, मेन बंद केला म्हणजे सगळं बंद झालं असं धरू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावरही त्याची लाइन चालू असते. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून त्याचा दिवा लागतोय का ते बघा, मग ज्या बोर्डावर काम करायचं तिथे लावा. टेस्टरच बिघडलेला असेल तर तो चालू वायरही बंद दाखवेल.

आता वायर सोलण्याबद्दल. दाताने सोलणारे आहेत, लायटरने तापवून ओढणारे आहेत, पण सर्वात जास्त नुकसान ब्लेडवाले करतात. ब्लेड वायरीवर काटकोनात धरून गोल फिरवतात आणि इन्सुलेशन खेचून काढतात. ब्लेड आत किती गेलं हे दिसत नाही. अडीच स्क्वेअरच्या (म्हणजे चौरस मिलिमीटरच्या) साध्या घरगुती वायरीत ०.३ मिलिमीटरच्या ३६ बारीक तारा असतात. त्यातल्या ९ कापल्या गेल्या तर वायर दोन स्क्वेअरचीसुद्धा उरत नाही, आणि तीही नेमकी स्क्रूपाशी, जिथे आधीच सगळ्यात जास्त उष्णता होते. ज्या तारा तुटत नाहीत त्यांना खाच पडते. प्लेट बसवताना वायर दाबली, वाकवली की त्या खाचेतच तुटतात. एका तारेचं वायरिंग असेल, त्यातून जुन्या घरातलं ॲल्युमिनियमचं, तर एक खाच पुरते.

स्ट्रिपर घ्या. काही शे रुपयांत चांगला मिळतो. त्याच्यावर वायरीच्या मापाची खाच असते, तीच वापरा. नसेलच तर ब्लेड आडवं न धरता, पेन्सिलीला टोक काढतो तसं तिरकं, बाहेरच्या दिशेने चालवा. नवीन वायर हातात आली की आधी तिच्याच तुकड्यावर सोलून बघायचं आणि तारा मोजायच्या, ही माझी सवय आहे. पोरांना हे वेळखाऊ वाटतं. जळालेला बोर्ड बदलायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

सोलायचं टर्मिनलच्या खोलीइतकंच, साधारण १० ते १२ मिलिमीटर. स्क्रूच्या बाहेर तांबं दिसता कामा नये आणि स्क्रूखाली इन्सुलेशनही दबता कामा नये. तारांना पीळ द्या. वायर बारीक आणि भोक मोठं असेल तर टोक दुमडून दुहेरी करा. भोकात मावत नाही म्हणून चार तारा छाटणारा माणूस मला माझ्याबरोबर कामाला नको. आवळून झालं की प्रत्येक वायर हाताने ओढून बघा. हलली तर पुन्हा सोला.

आता ज्या चुकीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला वायरीचा छोटा तुकडा मारायचा, म्हणजे ‘अर्थिंग झालं’.

कोकणातल्या एका घरातून ऐन पावसात बोलावणं आलं. काकू म्हणाल्या, “दादा, फ्रिज बंद पडलाय, तरी हात लावला की करंट मारतो. बंद असून कसं?” दाराच्या कडेच्या पत्र्याला टेस्टर लावला तर लख्ख पेटला. लादी ओली होती. पायात रबरी चप्पल होती म्हणून त्या वाचल्या. मेन पाडून बोर्ड उघडला. न्यूट्रलची वायर ब्लेडने सोललेली, निम्म्या तारा सोलतानाच गेलेल्या, उरलेल्या तापून काळ्या पडून तुटलेल्या. आणि सॉकेटच्या मागे न्यूट्रल ते अर्थ असा बोटभर तुकडा. हिरवी वायर त्या बोर्डापर्यंत आलेलीच नव्हती.

झालं असं, की फेज फ्रिजच्या आतून फिरून न्यूट्रलच्या पिनवर आला. पुढे न्यूट्रल तुटलेला, म्हणजे परतीचा रस्ता बंद. मग त्या तुकड्यावरून अर्थच्या पिनवर आणि तिथून थेट फ्रिजच्या पत्र्यावर. न्यूट्रल तुटल्यामुळे फ्रिज बंद पडला आणि त्याच कारणाने त्याचा पत्रा चालू झाला. बंद फ्रिजला माणूस बिनधास्त हात लावतो. तो तुकडा नसता तर फ्रिज नुसता बंद पडला असता.

हा तुकडा का मारतात? कारण फेज आणि अर्थमध्ये टेस्ट बल्ब लावला की तो पूर्ण पेटतो आणि गिऱ्हाईकाचं समाधान होतं. म्हणून नुसत्या बल्बवर विश्वास ठेवू नका. घरात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असेल तर वायरमनला ४० वॉटचा जुना, तारेचा बल्ब फेज-अर्थमध्ये लावायला सांगा. अर्थिंग खरं असेल तर आरसीसीबी लगेच पडते. बल्ब आरामात पेटून राहिला आणि आरसीसीबी पडली नाही, तर प्लेट खोला, मागे बहुतेक तुकडा सापडेल. नाहीतर आरसीसीबीच निकामी आहे, आणि तेही कळायलाच हवं. उपाय एकच, मेन बोर्डापासून खरी हिरवी वायर ओढून आणायची. मी ती फेजच्याच मापाची टाकतो, बारीक टाकून पैसे वाचवत नाही.

थ्री-पिन टॉप जोडताना हिरवी वायर बाकीच्या दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. दोरीला हिसका बसला तर फेज आधी सुटावा, अर्थ सगळ्यात शेवटी. अर्थची पिन लांब असते तीही याचसाठी, ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. ती कापू नका. आणि टॉपमधली दोरी धरणारी पट्टी फेकून देऊ नका.

एक्स्टेंशन बोर्डाला भोकं तीन आणि वायर दोनच तारांची असेल तर तो वॉशिंग मशीनला लावू नका.

हिरवी वायर फेजसाठी वापरू नका, घरात दुसरी नसेल तरीही.

नळाला अर्थिंग बांधणं विसरा. पाइप आता प्लास्टिकचे आहेत.

वायरिंगच्या पाइपाच्या आत जोड नको. जोड फक्त बोर्डात किंवा जंक्शन बॉक्समध्ये.

अर्थिंगच्या खड्ड्याबद्दल थोडं. काळ्या मातीत ओल टिकते, तिथे अर्थिंग चांगलं लागतं. मुरमात आणि जांभ्यात तसं होत नाही. कोळसा-मीठ घालून पाइप पुरला आणि वर फरशी टाकली की खड्डा विसरला जातो. उन्हाळ्यात त्यात पाणी ओता आणि पाइपावरचा क्लॅम्प गंजलाय का बघा, बरेचदा वायर तिथेच सुटलेली असते. खड्ड्याचा रोध २० ओहम असेल तर २३० व्होल्टला साडेअकरा ॲम्पिअरच वाहतात आणि १६ ॲम्पिअरची एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच) पडत नाही. तेव्हा उपयोगी पडते ती आरसीसीबी.

आणि ती आरसीसीबी सारखी पडते म्हणून लोक काय करतात? अर्थिंगची वायर काढून टाकतात, किंवा आरसीसीबीच बायपास करतात. ती पडते कारण कुठेतरी गळती आहे. घरातली उपकरणं एकेक करून प्लगमधून काढा. ज्याचा प्लग काढल्यावर ती टिकते, ते उपकरण दुरुस्तीला द्या. बहुतेक वेळा तो गिझरचा फुटलेला एलिमेंट असतो. सगळे प्लग काढूनही पडत असेल तर गळती वायरिंगमध्ये आहे. मग वायरमनला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) घेऊन बोलवा, आणि तो येईपर्यंत त्या लाइनची एमसीबी पाडून ठेवा.