जुना गेमिंग पीसी अपग्रेड करताना: आधी अर्थिंग, मग एसएमपीएस, शेवटी ग्राफिक कार्ड

सोयाबीन बाजारात गेलं, दिवाळी तोंडावर आली की परभणी-नांदेडकडच्या पोरांचे मला फोन सुरू होतात. "दादा, पंधरा हजारांत कोणतं ग्राफिक कार्ड घेऊ?" मी लगेच नाव सांगत नाही. आपल्याकडे कार्ड ही यादीतली शेवटची खरेदी असते. त्याआधी वीज, ऊन आणि धूळ यांचा बंदोबस्त झाला पाहिजे, आणि एसी खोलीत बसून बनवलेल्या व्हिडिओंत या गोष्टी येतच नाहीत. घरातून पंधरा हजार एकदाच मिळतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून सगळी तयारी क्रमानं लिहितोय.

पहिलं काम कागद-पेनाचं. कोणते गेम खेळायचेत त्यांची नावं लिहा. 'सगळेच' असं लिहू नका, दोन-तीन नावं लिहा. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक 2 यांचा भार प्रोसेसरवर जास्त पडतो, सायबरपंक 2077 सारख्यांचा ग्राफिक कार्डावर. नावांशेजारी मॉनिटरची माहिती लिहा: 1366 × 768 आहे की 1920 × 1080, 60 हर्ट्झ की 144. मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला 60 च चित्रं दाखवणार, मग 140 एफपीएस (सेकंदाला तेवढी चित्रं) देणाऱ्या कार्डाचे पैसे कशाला मोजायचे? मॉनिटरच्या मागेही डोकावा. तिथं फक्त निळं व्हीजीए पोर्ट असेल तर आत्ताच नोंद करा, कारण एनव्हीडियानं जीटीएक्स 10 मालिकेपासून ॲनालॉग आउटपुट काढून टाकलंय. साधी जोडपिन तिथं चालत नाही, ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. कार्ड घरी आलं आणि पडदा काळाच, हा फोन मला दर हंगामात येतो.

मग दुखणं नेमकं कुठं आहे ते शोधा. एमएसआय आफ्टरबर्नर हे मशीनवरचा भार दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते टाकून गेम अर्धा तास चालवा आणि कोपऱ्यातले आकडे बघा. ग्राफिक कार्डाचा वापर 95 ते 99 टक्के दिसत असेल तर कार्ड कमी पडतंय. तो 50-60 वरच रेंगाळत असेल आणि गेम अडखळत असेल तर कार्ड बदलून काडीचा फरक पडणार नाही. खात्रीसाठी गेमची सेटिंग सगळ्यात खाली आणा. तरीही एफपीएस वाढला नाही तर प्रोसेसर अडवतोय. प्रोसेसरची एकूण टक्केवारी मात्र फसवते. चार कोअरपैकी (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांपैकी) एकच कोअर पूर्ण भरला तरी एकूण आकडा 25 च्या आसपास दिसतो, म्हणून प्रत्येक कोअर वेगळा बघा. रॅम 8 जीबी असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये ती सतत नव्वदीच्या वर असेल, तर पहिला संशय तिच्यावर घ्या.

आता मशीनच्या अंगातले पार्ट ओळखा. सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडलं की प्रोसेसर, बोर्ड, रॅम सगळं दिसतं, त्याचा फोटो काढून ठेवा. आपल्याकडे घरोघरी दोन प्रकारची मशिनं सापडतात. एक म्हणजे इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीचं, बऱ्याचदा कंपन्यांतून निघालेलं रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकलेलं. दुसरं एएमडीचं, एएम4 सॉकेटचं (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) रायझन. दोन्हींचा हिशेब पार वेगळा आहे.

एएम4 वाला नशीबवान. 2017 च्या बी350 बोर्डावरसुद्धा, बोर्डाच्या कंपनीनं नवं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) दिलं असेल तर, 2022 चा रायझन 5 5600 बसतो. सहा कोअर, बारा थ्रेड, 65 वॅट. फक्त जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करायचं. नवा बसवल्यावर जुनं बायोस त्याला ओळखणारच नाही. आणि ते अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसशिवाय त्याला हात लावू नका.

चौथ्या पिढीच्या आय5 वाल्यांनी पैसे आणखी जपून टाकायचे. मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) सोबत इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे या मशीनचं आयुष्य मोजकं उरलंय. माझा नियम सरळ आहे: पुढच्या मशीनमध्ये सोबत जाईल त्याच वस्तूवर पैसे लावायचे. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) जाईल, एसएसडी (वेगवान डिस्क) जाईल, कार्ड जाईल. डीडीआर3 रॅम आणि एच81 (या पिढीचा) बोर्ड जाणार नाहीत. वापरलेला आय7-4770 कुणाकडं स्वस्तात मिळाला तर बसवा, सॉकेट तोच आहे. त्यापलीकडं या बोर्डावर रुपया घालू नका.

सॉकेटच्या बाबतीत एक सापळा आहे. सहाव्या-सातव्या पिढीचा आणि आठव्या-नवव्या पिढीचा सॉकेट, दोन्हींचं नाव एलजीए 1151. तरी सहाव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. "पिना सारख्याच आहेत, बसतो" असं कुणी सांगितलं तरी घेऊ नका.

आता वीज. इथं मी थांबून बोलणार आहे, कारण आपल्या भागात कार्डं मरतात ती बहुतेक विजेनं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर घराला अर्थिंग नाही किंवा ते निकामी झालंय. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडासा प्रवाह नेहमीच बॉडीवर येतो, तो जमिनीत जायला वाट हवी. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की तार असूनही उपयोग राहत नाही. वायरमनला बोलावून तपासून घ्या, मीठ-कोळसा बदला, मार्चपासून खड्ड्यात पाणी घालत राहा. या कामाचा खर्च कार्डाच्या मानानं किरकोळ आहे, आणि घरातल्या फ्रीजलाही त्याचा आधार होतो.

मग एसएमपीएसचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातल्या 450 वर विश्वास ठेवू नका, 12 व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा. तिथं 16 अँपिअर असतील तर 12 गुणिले 16, म्हणजे 192 वॅटच हाताला लागतात. प्रोसेसर आणि कार्ड दोघं त्यावरच जगतात. आरएक्स 6600 ला 132 वॅट लागतात, जीटीएक्स 1660 सुपरला 125, आरटीएक्स 3060 ला 170. त्यात प्रोसेसरचे 65 ते 90 मिळवा, बाकी पंखे-डिस्कचे 40 धरा. नामांकित कंपनीचा 500-550 वॅटचा, 80 प्लस (वीज कमी वाया घालवतो असा) शिक्का असलेला एसएमपीएस या सगळ्याला पुरून उरतो. त्याच लेबलवर इनपुटही वाचा. 100 ते 240 व्होल्ट असलेला घ्या. काही स्वस्त मॉडेलांवर 200 ते 240 असतं, आणि संध्याकाळी बोअरच्या मोटारी सुरू झाल्या की आपल्या गावांत होल्टेज 180 वर येतं. पंधरा हजारांतले साडेतीन-चार हजार इथं गेले तरी मला ते जास्त वाटत नाहीत.

यूपीएस 600 व्हीएचा असेल तर तो साधारण 360 वॅट पेलतो. गेम सेव्ह करून मशीन बंद करायला एवढं पुरतं. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का बघा, दुसऱ्या मोडवर वीज बदलताना मशीन रीस्टार्ट होतं. एप्रिल-मे मध्ये वळीव येतो, विजा कडाडतात, तेव्हा प्लगबरोबर इंटरनेटची तांब्याची केबलही उपसायची. लाट तिच्यातूनही बोर्डात शिरते.

उन्हाचं गणित साधं आहे. एखाद्या चाचणीत 25 अंशांच्या खोलीत कार्ड 70 अंशांवर चाललं असेल, तर मे मधल्या दुपारी पत्र्याखालच्या 42 अंशांच्या खोलीत तेच कार्ड 85 च्या पुढं जाईल. खोलीचं तापमान जेवढं चढतं, जवळपास तेवढंच आतलं चढतं. मग कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि पोरांना वाटतं कार्डच खराब निघालं. म्हणून खरेदीआधी मशीन अंगणात न्या, बाजू उघडा, रंगाच्या कोरड्या ब्रशनं धूळ सोडवा आणि ब्लोअर मारा. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, जोरात उलटी फिरू देऊ नका. मळणीच्या दिवसांत घरात येणारा भुसा हीटसिंकच्या फटींत गोधडीसारखा बसतो, तो बाहेरून दिसतही नाही. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा. पुढून हवा आत, मागून बाहेर, असे दोन पंखे हवेतच. पाण्याचा कूलर पीसीच्या तोंडावर लावू नका, तुषार आणि ओल आत जाते. गेममध्ये एफपीएस 60 वर बांधून टाका. कार्ड कमी वीज खातं आणि चांगलंच थंड राहतं. या सफाईनंतर आकडे पुन्हा बघा. कितीतरी मशिनं इथंच सुधारतात, आणि तेव्हा मला मनापासून आनंद होतो, कारण घरचे पैसे वाचलेले असतात.

एवढं झाल्यावरही गरज उरली तर खरेदीकडं वळा. अजून हार्ड डिस्कवर विंडोज चालत असेल तर आधी एसएसडी. हार्ड डिस्क सेकंदाला 100-150 एमबी देते, साटा (वायरनं जोडायची) एसएसडी 550 च्या आसपास, आणि बारीक फायली शोधण्यात तर तुलनाच नाही. एच81 बोर्डावर सगळी साटा पोर्टं सारखी नसतात, दोनच वेगवान असतात, त्यांतल्या एकाला जोडा. जुन्या बोर्डांवर एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी एसएसडी) वरून विंडोज सुरू होईलच असं नाही, तिथं साटाच बरी. रॅम 16 जीबी हवी, आणि 8-8 च्या दोन पट्ट्या. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. डीडीआर4 असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर 3200 ची रॅम 2133 किंवा तशाच कमी वेगावर पडून राहते. 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, म्हणून इथं जुनी पट्टी घ्यायला माझी हरकत नाही. रॅम सहसा एकतर चालते किंवा चालत नाही, आणि मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर चालवला की कळतं.

कार्ड निवडताना बोर्डाची पिढी विसरू नका. आरएक्स 6500 एक्सटी फक्त चार पीसीआय लेनवर (कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटांवर) चालतं. पीसीआय 4.0 ला ते जमतं, पण एच81 सारख्या बोर्डावर पीसीआय 2.0 असतं आणि तिथं कार्डाचा श्वास कोंडतो. रिफर्बिश्ड ऑफिस मशीन असेल आणि त्याचा एसएमपीएस बदलता येत नसेल, तर वेगळी वायर न लागणारी कार्डं बघा. पीसीआय स्लॉटमधून 75 वॅट मिळतात, त्यात जीटीएक्स 1650 ची काही मॉडेलं आणि 70 वॅटचं आरटीएक्स 3050 6 जीबी बसतं. कॅबिनेट अरुंद असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) मागा, आणि लांबी टेपनं मोजूनच दुकानात जा.

जुनं कार्ड घेणार असाल तर सावध. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं चालवून नाणी मिळवणं) बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पंखे आणि पेस्ट थकलेली असतात. विकणाऱ्याच्या समोर मशीनमध्ये बसवून वीस मिनिटं ताण द्या, पडद्यावर ठिपके-पट्टे येतात का बघा. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये नाव वाचा, कारण आरएक्स 580 म्हणून 2048 एसपी हे हलकं मॉडेल खपवलं जातं, आणि जुन्या कार्डाचं बायोस बदलून जीटीएक्स 1050 टीआय म्हणून विकल्याचेही प्रकार आहेत. सिरीयल नंबर बिलाशी जुळतो का, स्क्रूंची डोकी घासलेली आहेत का, हेही बघा. नांदेड-लातूरकडून हैदराबाद जवळ पडतं, सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये दुकानांना दुकानं लागून आहेत. पण वाटखर्च धरून हिशेब करा. दोन-तीनशे रुपयांच्या फरकासाठी मी तर गावातल्या ओळखीच्या दुकानदाराकडूनच घेईन, तो पार्ट बिघडल्यावर फोन उचलतो.

मशीन उघडण्याच्या आदल्या दिवशी बॅकअप. घरचा पीसी एकट्या गेमरचा नसतो. त्यात ताईचा शिष्यवृत्तीचा फॉर्म असतो, पप्पांच्या पावत्या असतात, लग्नाचे फोटो असतात. ते सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन उघडून बघा, नुसतं कॉपी करून विश्वास ठेवू नका. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा 'स्टीमॲप्स' फोल्डरही दुसऱ्या डिस्कवर ठेवा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर 80 जीबी पुन्हा उतरवणं कुणाला परवडणार? विंडोज 11 असेल तर बिटलॉकरची की (डिस्कच्या कुलपाचा नंबर) कागदावर लिहून घ्या, बायोस अपडेटनंतर ती विचारली जाऊ शकते. कार्ड, रॅम, एसएसडी बदलल्यानं विंडोजचं लायसन्स सहसा जात नाही, बोर्ड बदलला तर जाऊ शकतं.

बसवताना घाई नको. प्लग काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज उतरवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग पार्टला हात लावा. एका वेळी एकच पार्ट बदला आणि मशीन सुरू करून बघा. तीन पार्ट एकदम बदलले तर बिघाड कुणाचा ते कळत नाही. केबल मॉनिटरमधून कार्डालाच जोडा, बोर्डाला नाही. पहिले आठ-दहा दिवस भरपूर खेळून तापमान लिहीत जा, म्हणजे काही खोट असेल तर बदलून मिळण्याच्या मुदतीत कळेल. थर्मल कागदावरच्या बिलाची शाई वर्षभरात उडते आणि वॉरंटी तीन वर्षांची असते, म्हणून बिलाचा आणि सिरीयल नंबरचा फोटो त्याच दिवशी काढून घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा.