नेट नसलेल्या वर्गातही विजेचा प्रयोग

कोलोराडो विद्यापीठाचं 'फेट' (PhET) हे विज्ञान-गणिताच्या सिम्युलेशनचं, म्हणजे पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांचं, मोफत भांडार आहे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी ते 2002 मध्ये सुरू केलं. भाषांच्या यादीत मराठी निवडा, म्हणजे मराठीत झालेली सिम्युलेशन्स समोर येतात. एचटीएमएल5 प्रकारातलं सिम्युलेशन घरी एकदा डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर घ्या. शाळेत ते नेटशिवाय साध्या ब्राउझरमध्ये चालतं.

सुरुवात विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनपासून करा. एक बॅटरी, एक बल्ब, वायर जोडा. निळे इलेक्ट्रॉन फिरताना दिसतील. आता दुसरा बल्ब एकसर, म्हणजे त्याच वाटेवर पहिल्याच्या पुढे, जोडायचा आहे, पण थांबा! आधी मुलांना विचारा, उजेड वाढेल की कमी होईल? उत्तर वहीत लिहून घ्या, मगच जोडा. दोन्ही बल्ब मंद होतात, इलेक्ट्रॉनही संथ चालतात. समांतर, म्हणजे प्रत्येक बल्बला वेगळी वाट देऊन, जोडल्यावर मात्र दोन्ही पूर्ण तेजाने पेटतात. शॉर्ट सर्किट केलं की पडद्यावर ज्वाळाच दिसतात, आणि तो धोका घरात करून बघायचा नाही हे मुलांना लगेच पटतं.

त्यानंतर खरा सेल आणि टॉर्चचा बल्ब मुलांच्या हातात जरूर द्या. वायर नीट टेकली नाही की बल्ब लागत नाही, हे पडद्यावर कळत नाही.