धामणीचे धनुष्य: लाकूड वाळवताना या चुका टाळा

धामणीला संस्कृतात धनुर्वृक्ष म्हणतात. या नावावर मी इतका विसंबलो की पहिला ओंडका सालीसकट पत्र्यावर टाकून मोकळा झालो. एप्रिल होता. चौथ्या दिवशी भर दुपारी ‘ठक्क’ झाले. वर जाऊन बघतो तर टोकापासून हातभर आत चीर गेलेली.

ओल्या लाकडातले पाणी टोकांतून सगळ्यात झपाट्याने जाते. टोक आटते, मधला भाग फुगलेलाच राहतो आणि त्या ओढाताणीत लाकूड फाटते. म्हणून तोडल्यावर तासाभरात दोन्ही टोकांना ऑइल पेंट किंवा फेव्हिकॉलचे जाड हात द्या, आणि लाकूड सावलीत ठेवा. लांबीही दोन्हीकडे वीतभर जास्त घ्या, म्हणजे चीर पडलीच तर तेवढे छाटता येते.

अख्खा ओंडका वाळवू नका. लाकूड घेराच्या अंगाने जितके आटते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याच्या दिशेने आटते. गोल खोड मग कुठेतरी तडकणारच. पाचरा ठोकून दोन फाका करा. पाचर लाकडाच्या रेषेबरोबर, म्हणजे तंतूंच्या दिशेने जाते, करवत रेषा तोडते. फाक पिळलेली निघाली तर ती कुदळीच्या दांड्याला जाऊ द्या, धनुष्याचा हट्ट नको.

साल ठेवली तर खाली किडे पोखरतात, काढली तर उघडी पाठ तडकते. मी साल काढतो आणि पाठीलाही फेव्हिकॉल फासतो. सालीखालचा गुळगुळीत थर हीच धनुष्याची पाठ. ओढताना सगळा ताण तिच्यावर येतो, त्यामुळे तिथे कोयत्याचा ओरखडासुद्धा चालत नाही.

आता नेहमीचा प्रश्न: वाळले कसे ओळखायचे? टकटक करून नाही, वजन करून. दर रविवारी काट्यावर ठेवा आणि तारीख व ग्रॅम फाकेवरच पेन्सिलीने लिहा. आकडा तीनचार आठवडे हलला नाही की पाणी जायचे थांबले.

पण थांबले म्हणजे वाळले असे नाही! कोकणात जुलैत हवेतली आर्द्रता 85 टक्के असली तर लाकूड 18 टक्के ओलाव्याच्या आसपास अडून बसते. धनुष्याला 9–10 टक्के लागतो. ओल्या फाकेचे धनुष्य तुटत नाही, पण दोरी उतरवल्यावरही वाकलेलेच राहते आणि बाण मरतुकडा जातो. दसरा उलटू द्या, मग पुन्हा वजन करा. विदर्भात मे महिन्यात नेमके उलटे: लाकूड 5 टक्क्यांवर येते आणि पहिल्याच ओढीला काडकन मोडते. तिथे फाक काही दिवस माठाजवळ ठेवा.

घाई असेल तर फाक ओली असतानाच हव्या त्या जाडीच्या दुपटीपर्यंत तासा आणि सरळ फळीला घट्ट बांधून वाळवा. पातळ लाकूड लवकर सुकते, आणि बांधलेले असल्याने वेडेवाकडे होत नाही.

चीर पडलीच, तर ती कुठे जाते ते बघा. पोटाकडे, म्हणजे पाठीच्या उलट अंगाला, रेषेबरोबर सरळ असेल तर पातळ सुपरग्लू भरून काम भागते. तिरकी होऊन कडेला बाहेर पडत असेल तर दोरी चढवूच नका.